वहीतला खंड्या, फोटोतला खंड्या

“आधी बघ. मग काय तो फोटो काढ.”

आत्याचं हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकतो आहे. चिपळूणच्या अलीकडे एका वाडीत आमचं जुनं घर आहे. मागच्या दारी विहीर, विहिरीला लागून दगडी दोण. दोणीतून निघालेला पाट पोफळीच्या आगरात जातो. आगर संपतं तिथे गडगा आणि गडग्यापलीकडे पऱ्ह्या, म्हणजे ओढा. आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आता ती उजाडता उजाडता चहाचा पेला घेऊन मागच्या पायरीवर बसते आणि मांडीवर वही असते. मी पुण्याहून येतो तो खांद्यावर कॅमेरा आणि सहाशेची लेन्स घेऊन. दोघांनाही पाखरांचंच वेड, आणि आमचे वाद होतात तेही पाखरांवरूनच.

यंदा फेब्रुवारीत गेलो होतो तेव्हा हा वाद तीन दिवस चालला. त्यातलं जसं आठवतं तसं लिहितो आहे.

पहिल्या सकाळी तांबट बोलत होता. टुक, टुक, टुक. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा.

“कुठे आहे सांग बघू,” आत्या म्हणाली.

“फणसावर.”

“आणि आता?”

“उडाला. विहिरीच्या बाजूला गेला.”

“कुठेही गेला नाही तो. उंबराच्या त्या वाळक्या शेंड्यावर बसलाय मघापासून. बोलताना मान फिरवतो. मान इकडे केली की आवाज फणसातून आल्यासारखा वाटतो, तिकडे केली की विहिरीकडून. तू त्या नळकांड्याला डोळा लावून बसतोस ना, म्हणून तुला कळत नाही.”

मी लेन्स उंबराकडे वळवली. खरंच होता. चिमणीएवढा हिरवा गोळा, कपाळावर आणि छातीवर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळं. आठ-दहा फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून तिच्यापुढे धरले.

“चोच बघ त्याची.”

आत्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. “मिटलीय.”

“पुढचा बघ. त्याच्या पुढचा. हे सगळे तो बोलत असतानाचे आहेत. चोच एकदाही उघडलेली नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी बघ, कशी फुगलीय.”

ती बराच वेळ बघत राहिली. “चोच मिटून बोलतो होय रे हा? जन्मभर ऐकते आहे मी याला.” मग तिने वही उघडली, तारीख घातली आणि त्याखाली लिहिलं: तांबट चोच मिटून बोलतो. फोटोत दिसलं.

“मग? कॅमेऱ्याला काही किंमत आहे की नाही?”

“आहे ना. नाही कोण म्हणतं? पण मान फिरवतो ते कुठाय तुझ्या फोटोत?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो दहा, दहाही शार्प. पण आवाज फणसातून विहिरीकडे कसा जातो ते एकातही नव्हतं.

दुपारी जेवून पडवीत बसलो तेव्हा तिनेच विषय परत काढला.

“सालिम अली किहीमला राहत होते तेव्हाची गोष्ट वाचलीयस ना? इथलंच की, अलिबागजवळ. १९३० चा पावसाळा. हातात नोकरी नव्हती. घराजवळच्या सुगरणींची वसाहत बघत बसले. त्या बघण्यातून काय निघालं? तर नर घर अर्धंच विणून ठेवतो. मादी येते, आत शिरून तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते, मग तो पुरं करतो. आणि ते झालं की दुसरं अर्धं घर विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे एका दिवसात दिसत नाही. रोज जाऊन बसावं लागतं.”

“त्याच सालिम अलींचा जिवलग दोस्त लोक वान थो होता, ते विसरू नकोस. सिंगापूरचा सिनेमागृहांचा मालक. महायुद्धात भारतात आला आणि सालिम अलींबरोबर पाखरं बघत फिरला. पक्ष्यांचे असे फोटो काढले की त्यांचं १९५७ साली पुस्तक झालं. सालिम अलींना कॅमेऱ्याचं वावडं नव्हतं.”

“तो फोटोसाठी आडोसा करून तासन्‌तास बसायचा ना? मग तो माझ्यातलाच. मला कॅमेऱ्याचा राग नाही रे. मला घाईचा राग आहे. तुमचं ते काय असतं, लाइफर. आयुष्यात पहिल्यांदा दिसला म्हणायचं, फोटो घ्यायचा आणि पुढच्या गावाला. दुसऱ्यांदा दिसला तर बघायचाच नाही?”

मी गप्प बसलो. दोणीवर तेव्हा दयाळ आला होता. दोणीचा काठ एका बाजूला झिजून उतरता झाला आहे, तिथे जेमतेम दोन बोटं पाणी राहतं. लहान पाखरं तिथेच उतरतात, कारण त्यांना पाय टेकायला जागा लागते. दयाळाने शेपूट उभी केली, इकडेतिकडे पाहिलं, छाती पाण्यात टेकवली आणि पंख झाडले. थेंब पार पायरीपर्यंत आले. मग तो गडग्यावर जाऊन बसला आणि एकेक पीस चोचीतून ओढून काढू लागला. कॅमेरा माझ्या मांडीवर होता. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या दुपारी दयाळ किती वेळ पिसं विंचरतो ते मला पहिल्यांदा कळलं. माझा चहा गार होऊन गेला तरी त्याचं चाललंच होतं.

मी खरा आलो होतो वेगळ्याच कामासाठी. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातली पाखरं मोजतात. १९९८ मध्ये अमेरिकेत हे सुरू झालं, भारतात २०१३ पासून होतं. आपल्या दारात, गच्चीत, खिडकीत निदान पंधरा मिनिटं बसायचं, दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या पक्ष्यांची यादी करायची आणि ती ई-बर्ड या संकेतस्थळावर पाठवायची. आत्याच्या परसाची यादी त्यात जावी असं मला फार वाटत होतं.

“नको,” ती म्हणाली.

“अगं, नुसती यादी आहे.”

“यादीमागून पत्ता जातो, पत्त्यामागून माणसं येतात. मी एकदा बघितलंय.”

ती कशाबद्दल बोलते आहे ते मला माहीत होतं. चार पावसाळ्यांपूर्वी गडग्यापलीकडे पऱ्ह्याच्या मातीच्या कडेत तिबोटी खंड्याचं बीळ होतं. ज्यांनी हा पक्षी पाहिला नाही त्यांना सांगायला हवं की तो खंड्या असला तरी चिमणीपेक्षाही लहान असतो. अंगावर जांभळा, निळा, नारिंगी, पिवळा, सगळे रंग एकमेकांत मिसळलेले, आणि पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. कोकणात तो पावसाबरोबर येतो, ओढ्याच्या कडेला बीळ कोरतो आणि पिल्लांना पाली, सापसुरळ्या, बेडक्या, खेकडे भरवतो. रायगडाने त्याला जिल्ह्याचा पक्षी केला आहे. फोटो काढणाऱ्यांची त्याच्यासाठी पावसाळाभर धावपळ चालते. त्यांच्यातलाच मीही एक.

मी दोन मित्रांना सांगितलं. त्या दोघांनी आणखी कोणाकोणाला सांगितलं. पुढच्या रविवारी आमच्या पाणंदीत चार गाड्या उभ्या होत्या आणि पऱ्ह्याच्या काठावर नऊ ट्रायपॉड. आत्या छत्री घेऊन गडग्याशी आली आणि म्हणाली, “मागे सरा रे, त्याला आत जाऊ द्या.” सगळे दोन पावलं मागे सरले. मीही दोनच पावलं सरलो.

त्या दिवशीचा माझा फोटो माझ्या मित्रमंडळींत फार गाजला. शेवाळलेल्या फांदीवर खंड्या, चोचीत आडवी धरलेली पाल, पालीच्या शेपटीवर पावसाचा थेंब. मी तो मोठा करून पुण्याच्या घरी दिवाणखान्यात लावला होता. येणारा प्रत्येक माणूस त्याच्यापुढे थांबायचा.

यंदाच्या त्या मुक्कामात दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याकडे तिच्या वह्या मागितल्या. नवरंग दरवर्षी कधी येतो ते बघायचं होतं. नवरंगाची पहिली शीळ आमच्याकडे पाऊस तोंडावर आला की पहाटे आणि तिन्हीसांजेला ऐकू येते. आत्या ती तारीख न चुकता लिहिते हे मला ठाऊक होतं. तिने कपाटातून वह्या काढल्या, शाळकरी दुरेघी वह्या, पाठीवर साल घातलेलं. त्यातली एक तिने वेगळी काढून माझ्या हातात दिली. तोंडाने काही बोलली नाही.

ऑगस्टमधल्या त्या रविवारच्या पानावर तिच्या शिक्षिकेच्या अक्षरात लिहिलं होतं:

“तिबोटी. १०-२० चोचीत पाल घेऊन फांदीवर आला. माणसं उभी. बिळाकडे दोनदा उडाला, परत फिरला. १०-५५ पाल घेऊनच पऱ्ह्याच्या खालच्या अंगाला गेला. आत गेला नाही.”

प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा वेळ नोंदवत असतो. मी मोबाइलवर तो फोटो काढला आणि वेळ बघितली. १० वाजून ४१ मिनिटं.

भिंतीवरचा माझा सगळ्यात लाडका फोटो कशाचा होता, ते मला चार वर्षांनी त्या पायरीवर बसून कळलं. पिल्लांपर्यंत पोचू न शकलेल्या बापाचा, नाहीतर आईचा, तो फोटो होता. आणि त्याच्या वाटेत उभा असलेला एक माणूस मी होतो.

“तेव्हाच का नाही बोललीस मला?”

“बोलले होते. मागे सरा म्हटलं होतं.”

“नंतर, एकट्याला?”

“तू इतका खूश होतास. घरी आल्या आल्या दाखवायला आलास मला. चित्र सुंदरच होतं रे. मी काय बोलणार?”

“पिल्लांचं काय झालं?”

“दोन दिवसांनी बिळातून आवाज येत होता. नंतर पऱ्ह्याला मोठं पाणी आलं. किती उडाली, उडाली की नाही, ते मला कळलं नाही.”

काही वेळ दोघंही बोललो नाही. सातभाईंचा घोळका आगरात उतरला आणि पातेरा उलटापालटा करत नेहमीसारखा कलकलाट करू लागला.

मग मीच म्हणालो, “आत्या, माझं चुकलं, ते मान्य. पण म्हणून कुणाला काही सांगायचंच नाही, हे मला पटत नाही. मी घरट्याची जागा सांगितली, ती चूक. पाखरांचा आनंद वाटला, ती चूक नव्हे.”

“वाटावा की. शेजारची पोर येते ना रोज संध्याकाळी? पायरीवर बसते माझ्याजवळ. चष्मेवाला आणि सुभग यांतला फरक तिला आता सांगावा लागत नाही. माणूस शेजारी बसवून वाटलं की त्याला गप्प बसायलाही शिकवता येतं.”

“आणि ज्याला पायरीच नाही त्याने काय करायचं? डोंबिवलीत, पिंपरीत माणसं चौथ्या मजल्यावर राहतात. खिडकीच्या जाळीत दोन कुंड्या, तेवढंच त्यांचं परस. एकाने मातीच्या परळात पाणी ठेवलं, त्यावर बुलबुल आला, त्याने मोबाइलवर फोटो काढून मला विचारलं, हा कोण? लालबुड्या म्हणून सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्याने आणखी दोन पक्षी ओळखून पाठवले. हा माणूस तुझ्या पायरीपर्यंत कधी येणार?”

“त्याला सांग, परळातलं पाणी रोज बदल म्हणावं. डास होतात. आणि परळ उथळ हवं, खाली खरखरीत.”

“सांगितलंय. तू दोणीचं दाखवलं होतंस तेच सांगितलं.”

ती जराशी हसली. मला धीर आला. मग मी मनातलं बोललो.

“आणि आईचं काय?”

माझी आई लग्न होऊन याच घरात आली. ही दोण तिने वीस वर्षं घासली आहे. आता पुण्यात तिसऱ्या मजल्यावर ती गुडघ्यांमुळे अडकून पडली आहे. इथून मी जे फोटो पाठवतो ते ती मोबाइलवर बोटांनी मोठे करून बघते. पाखरू राहतं बाजूला आणि ती मला विचारते, पाठीमागे दिसतोय तो अनंत अजून फुलतो का? पाटाला पाणी आहे का? उंबराची ती फांदी कधी मोडली?

आत्या पदराने चष्मा पुसत बसली. “वहिनीला कालचा तांबट पाठवलास का?”

“पाठवला.”

“चोच मिटून बोलतो ते लिहिलंस का खाली? तिलाही माहीत नसणार.”

मला वाटतं त्या क्षणी वाद मिटला असता, पण मी तो तिथे सोडला नाही, कारण वह्यांचं राहिलं होतं. आणि माझ्या मते या साऱ्यात मोठी गोष्ट वह्यांची आहे. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा हिशेब मांडला आहे. कोणती पाखरं कमी होत आहेत, कोणती टिकून आहेत, कोणाकडे तातडीने बघायला हवं, हे त्यातून कळलं. तो हिशेब कशावरून मांडला? तीस हजारांहून जास्त पक्षिनिरीक्षकांनी ई-बर्डवर पाठवलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून. त्यातली बरीचशी माणसं नोकरी-धंदा सांभाळून आवडीने पाखरं बघणारी. कोणी गच्चीतून, कोणी शेताच्या बांधावरून. मी हे सगळं आत्याला सांगितलं.

“एका परसात एकाच माणसाने इतकी वर्षं रोज बसून केलेल्या नोंदी किती दुर्मीळ असतात, तुला कल्पना नाही. माझे हजारो फोटो एका पारड्यात आणि नवरंगाच्या तुझ्या तारखा दुसऱ्या पारड्यात घातल्या तर तुझं जड होईल. त्या कपाटात वाळवीने खाल्ल्या तर?”

“डांबराच्या गोळ्या घालते मी.”

“आत्या.”

“बरं बाबा. पण माझ्या अटींवर.”

अटी तिने बोटांवर मोजून सांगितल्या. विणीच्या दिवसांत बीळ असो, घरटं असो, त्याचा फोटो काढायचा नाही आणि काढला गेलाच तर कुणाला पाठवायचा नाही. पाऊस पडायला लागला की गडग्यापलीकडे कोणाला न्यायचं नाही, स्वतःही जायचं नाही. मोबाइलवर आवाज लावून पाखरू जवळ बोलवायचं नाही. ते भांडायला येतं बिचारं, आपल्या जागेत दुसरा शिरला म्हणून, आणि आपण म्हणतो फोटोला उभं राहिलं. जागा सांगायची तर तालुक्याचं नाव पुरे. आणि नावं मराठीत हवीत. मारुती चितमपल्लींनी पाखरांची मराठी नावं जपण्यासाठी पक्षिकोश केला, तो काय आपण इंग्रजी याद्या पाठवाव्यात म्हणून?

ई-बर्डवर पक्ष्यांची नावं मराठीतही लावता येतात, हे मी तिला दाखवलं. तांबट, कुटुरगा, बाणपाखरू अशी नावं पडद्यावर मराठीत उमटलेली पाहून ती शाळेतल्यासारखी मोठ्याने वाचू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही तिघं पायरीवर बसलो. आत्या, मी आणि शेजारची ती मुलगी. कॅमेरा मी घरातच ठेवला होता. आत्याच म्हणाली, “आण जा. वहिनीला काय पाठवशील?” म्हणून आणला.

मुलगी सातभाई मोजत होती. ते एका जागी ठरत नव्हते. शेवटी तिने जाहीर केलं की ते सात नाहीत, नऊ आहेत. आत्याने नऊ लिहिले. कस्तूर आगरात पातेरा उचकत होता. दयाळ आला, शिपाई बुलबुल आले, जास्वंदीवर शिंजीर आला. कुटुरगा दिसला नाही, नुसता ऐकू आला, तोही धरला. वाळक्या शेंड्यावर तांबट होताच. पंधरा मिनिटं झाली तेव्हा मी थांबायला निघालो तर मुलगी म्हणाली, “एवढ्यात? अजून हळद्या यायचाय.” हळद्या साडेसातला आला. त्याला यादीत घेता यावं म्हणून आम्ही मोजणी अर्ध्या तासाची केली. अठरा जाती झाल्या.

आत्याच्या वह्या आता मी दर सुट्टीत थोड्या थोड्या उतरवून घेतो आहे. ती शेजारी बसून अक्षर लावून देते. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी वही असेल, आजोबांची, मावशीची, शाळेतल्या एखाद्या गुरुजींची, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. ५ नोव्हेंबरला चितमपल्लींचा जन्मदिवस असतो आणि १२ नोव्हेंबरला सालिम अलींचा. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात ती वही उघडून निदान एकदा वाचा.

पुण्याच्या भिंतीवरचा खंड्याचा फोटो मी उतरवला. त्याची लहान प्रत काढून ती आत्याच्या वहीत ऑगस्टच्या त्या पानावर चिकटवली. तिच्या १०-२० आणि १०-५५ या दोन वेळांच्या मध्ये, फोटोखाली मी माझ्या हाताने १०-४१ लिहिलं आहे.